गळती रोखणे म्हणजे सुशासन नव्हे

विकसनशील देशांतील सार्वजनिक सेवांच्या चर्चेत एक मत गेल्या काही दशकांत इतके रुजले आहे की ते तपासून पाहण्याची गरजही फारशी कोणाला वाटत नाही. गरिबांसाठी काढलेला पैसा वाटेतच झिरपून जातो, तो झिरपतो रास्त भाव दुकानदार, तलाठी, ग्रामसेवक आणि मुकादम अशा तळाच्या माणसांमुळे, म्हणून या माणसांना वाटेतून दूर करावे, लाभार्थ्याची ओळख यंत्राने पटवावी, धान्याऐवजी रोख रक्कम थेट बँक खात्यात जमा करावी आणि प्रत्येक व्यवहार राजधानीतील पडद्यावर दिसावा, म्हणजे सुशासन आपोआप येईल, असे हे मत सांगते. त्यातील निदान अर्धेच खरे आहे, मोजमाप सदोष आहे आणि उपाय अनेकदा घातक ठरलेला आहे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. अपात्राच्या हाती गेलेला रुपया या मताच्या हिशेबात तोटा म्हणून लिहिला जातो. पात्र माणसाला नाकारलेला रुपया मात्र त्याच हिशेबात बचत म्हणून जमा होतो. ही नोंद उलटी आहे, आणि ती सुलटी केल्याशिवाय सेवा सुधारली की बिघडली हे सांगताच येत नाही.

या मतामागे पुरावा नाही असे म्हणणे मात्र अप्रामाणिकपणाचे ठरेल. १९८५ मध्ये ओडिशातील कालाहंडीच्या दौऱ्यानंतर पंतप्रधान राजीव गांधी यांनी रुपयातील अवघे पंधरा पैसे गरिबांपर्यंत पोहोचतात, असे विधान केले आणि ते देशाच्या स्मृतीत कायमचे राहिले. नियोजन आयोगाच्या २००५ च्या मूल्यमापन अहवालाने सवलतीच्या धान्यापैकी ५८ टक्के धान्य दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांपर्यंत पोहोचत नसल्याचे नोंदवले. युगांडात १९९१ ते १९९५ या काळात शाळांसाठी केंद्राने पाठवलेल्या अनुदानापैकी सरासरी १३ टक्केच रक्कम प्रत्यक्ष शाळांच्या हाती पडली, हे रित्वा राइनिक्का आणि याकोब स्वेन्सन यांच्या अभ्यासाने दाखवले. बांगलादेश, इक्वेडोर, भारत, इंडोनेशिया, पेरू आणि युगांडा या सहा देशांत अचानक भेटी देऊन केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सरासरी १९ टक्के शिक्षक आणि ३५ टक्के आरोग्य कर्मचारी कामाच्या जागी सापडले नाहीत. म्हणजे चोरी होते आणि कामचुकारपणाही होतो, याविषयी वाद नाही. वाद आहे तो या आकड्यांतून काढलेल्या निष्कर्षाविषयी.

पंधरा पैशांचे विधान हे मोजमाप नव्हते, ती एका राज्यकर्त्याची उद्विग्नता होती; तरीही प्रत्येक नव्या योजनेच्या समर्थनार्थ ते प्रमाणासारखे वापरले जाते. ५८ टक्क्यांचा आकडा मात्र मोजलेला आहे, आणि म्हणूनच तो कोणत्या व्यवस्थेतून आला हे पाहणे आवश्यक आहे. १९९७ मध्ये सार्वजनिक वितरण व्यवस्था, म्हणजे रास्त भाव दुकानांतून धान्य देणारी यंत्रणा, सर्वांसाठी न ठेवता ‘लक्ष्यित’ करण्यात आली, अर्थात कुटुंबांची दारिद्र्यरेषेखालील आणि दारिद्र्यरेषेवरील अशी विभागणी करून दोघांचे भाव वेगळे करण्यात आले. धान्याचे दोन भाव झाले की स्वस्त धान्य महाग बाजारात वळवण्याचा मोह तयार होतो, आणि बहुसंख्य लोकांचा दुकानाशी संबंध तुटला की दुकानदाराला जाब विचारणारेही उरत नाहीत. त्याच काळात ग्रामीण भागातील सुमारे निम्म्या गरीब कुटुंबांकडे दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिकाच नव्हती. गळती वाढली ती गरिबांना निवडून काढण्याच्या अट्टहासाने घडवलेल्या रचनेत. त्या रचनेचा दोष दुकानदाराच्या स्वभावावर ढकलून पुन्हा अधिक काटेकोर निवड हाच उपाय सुचवणे म्हणजे रोगाच्या कारणालाच औषध मानणे होय.

कोणत्याही कल्याणकारी योजनेत दोन प्रकारच्या चुका संभवतात. अपात्र व्यक्तीला लाभ मिळणे ही समावेशाची चूक, आणि पात्र व्यक्ती लाभापासून दूर राहणे ही वगळणुकीची चूक. या दोन चुका एकमेकींशी बांधलेल्या असतात, कारण पहिली टाळण्यासाठी घातलेली प्रत्येक नवी अट, मग ती कागदपत्राची असो, बोटाच्या ठशाची असो किंवा मुदतीत ई-केवायसी करण्याची असो, दुसरी चूक वाढवण्याची शक्यता निर्माण करते. अपात्राला मिळालेल्या लाभाबद्दल लेखापरीक्षक आक्षेप काढतो, वृत्तपत्र बातमी देते, अधिकाऱ्याची चौकशी लागते. मात्र मोलमजुरी करणारी विधवा रिकाम्या पिशवीने परत गेली तर त्याची कोठेही नोंद होत नाही. ज्या चुकीची शिक्षा मिळते ती टाळायची आणि जिची मिळत नाही ती होऊ द्यायची, हे कोणत्याही प्रशासनाचे स्वाभाविक वर्तन असते, आणि त्यात वैयक्तिक दुष्टाव्याची गरजही नसते. केवळ गळतीवर नजर ठेवणारी सुधारणा हा कल आणखी तीव्र करते.

हा तर्क केवळ कागदावरचा नाही, हे झारखंडमधील अनुभवाने सिद्ध केले आहे. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांनी तेथील १० जिल्ह्यांत, शिधा घेताना अंगठ्याच्या ठशाने आधार पडताळणी सक्तीची केल्याचा परिणाम मोठ्या प्रयोगातून तपासला. या पडताळणीमुळे गळतीत सरासरी घट झाली नाही. उलट धान्य मिळवण्यासाठी लाभार्थ्यांना सोसावा लागणारा खर्च सुमारे १७ टक्क्यांनी वाढला, आणि ज्या कुटुंबांची शिधापत्रिका आधारशी जोडलेली नव्हती त्यांना मिळणारा लाभ सुमारे दहा टक्क्यांनी घटला. पुढे यंत्रातील नोंदींच्या आधारे दुकानदाराकडे किती साठा शिल्लक असावा हे ठरवून नव्या धान्याचा पुरवठा तेवढ्याने कमी करण्यास सुरुवात झाली, तेव्हा गळती खरोखर कमी झाली, पण खऱ्या लाभार्थ्यांना मिळणारे धान्यही त्याबरोबर कमी झाले. बनावट म्हणून रद्द केलेल्या शिधापत्रिका हे या मोहिमेचे मोठे यश म्हणून मिरवण्यात आले होते; नमुन्यातील रद्द पत्रिकांचा माग काढल्यावर त्यांपैकी बहुतांश पत्रिका अस्तित्वात असलेल्या, खऱ्या कुटुंबांच्या निघाल्या. शासकीय हिशेबात मात्र त्या सर्व पत्रिकांचे धान्य वाचलेले धान्य होते.

केंद्रीकरणाने चूक दिसेनाशी कशी होते, याचे दुसरे उदाहरण रोजगार हमीचे आहे. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने मजुरी १५ दिवसांत देण्याचे बंधन घातले होते आणि विलंब झाल्यास भरपाईची तरतूद केली होती. मजुरी देण्याचे काम नंतर दोन टप्प्यांत विभागले गेले: हजेरीपट भरून, कामाचे मोजमाप करून निधी हस्तांतरणाचा आदेश संगणकावर काढणे हा राज्याच्या यंत्रणेचा पहिला टप्पा, आणि त्या आदेशानुसार मजुराच्या खात्यात रक्कम जमा करणे हा केंद्राच्या अखत्यारीतील दुसरा टप्पा. भरपाईचा हिशेब फक्त पहिल्या टप्प्यातील विलंबावर होत असे. दुसऱ्या टप्प्यात आठवडेच्या आठवडे गेले तरी संगणकाच्या लेखी विलंब शून्य. मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वराज अभियान प्रकरणात स्पष्ट करावे लागले की मजुराला या दोन टप्प्यांशी काही देणेघेणे नाही आणि दुसऱ्या टप्प्यातील विलंबाची जबाबदारीही शासनाला टाळता येणार नाही. जो विलंब ग्रामसेवकाच्या नावावर पडला असता तो मोजला गेला. जो राजधानीच्या नावावर पडला असता तो मोजायचाच नाही अशी रचना झाली. पारदर्शकतेचे यंत्र वरून खाली पाहण्यासाठी बसवले की त्यातून वरचे कधीच दिसत नाही.

धान्याऐवजी रोख रक्कम द्यावी, म्हणजे मधले सगळे टप्पे नाहीसे होतील, या युक्तिवादाचीही परीक्षा झालेली आहे. रांची जिल्ह्यातील नगडी तालुक्यात ऑक्टोबर २०१७ पासून लाभार्थ्यांच्या खात्यात अनुदान जमा करून त्यांना रास्त भाव दुकानातून ३२ रुपये किलो दराने तांदूळ विकत घ्यायला लावण्यात आले. टप्पे नाहीसे होण्याऐवजी वाढले: रक्कम आली का हे पाहण्यासाठी बँक, ती काढण्यासाठी पुन्हा बँक किंवा गावापासून दूरचे सेवा केंद्र, आणि शेवटी तेच जुने दुकान. एकापेक्षा अधिक खाती असलेल्या घरांत रक्कम नेमक्या कोणत्या खात्यात जमा झाली हे शोधण्यातच रोज बुडू लागला. लोकांनी या प्रयोगाला प्रचंड विरोध केला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये तो मागे घेण्यात आला. रोख मदत सर्वत्र वाईट असते असा याचा अर्थ नाही; बँका जवळ असतील, बाजार स्थिर असेल आणि रक्कम महागाईबरोबर वाढत असेल, तर ती उपयुक्त ठरू शकते. पण या तीन अटी पूर्ण होण्यासाठी लागणारी शासनक्षमता धान्य पोहोचवण्यासाठी लागणाऱ्या क्षमतेपेक्षा कमी असते, हे गृहीतक खोटे आहे.

यावर प्रतिपक्षाकडे एक वजनदार उत्तर आहे, आणि ते आंध्र प्रदेशातून येते. याच तीन अर्थशास्त्रज्ञांनी तेथे १५७ मंडलांत, सुमारे १ कोटी ९० लाख लोकसंख्येच्या क्षेत्रात केलेल्या प्रयोगात जैवमितीय, म्हणजे बोटांच्या ठशांवर आधारित, स्मार्टकार्डांमुळे रोजगार हमीची मजुरी लवकर आणि खात्रीने मिळू लागली, आणि भ्रष्टाचारही घटला. मग तंत्रज्ञान एका राज्यात तारक आणि दुसऱ्यात मारक का ठरले? फरक यंत्रात नसून त्याच्या वापरात होता. आंध्रात कार्डाबरोबर पैसे देणारी व्यक्ती गावातच उपलब्ध करून देण्यात आली, त्यामुळे मजुराची पायपीट कमी झाली. आणि कार्ड नसलेल्यांना जुन्या पद्धतीने पैसे मिळण्याचा मार्ग बंद करण्यात आला नाही, त्यामुळे पडताळणी न झालेला मजूर उपाशी राहिला नाही. झारखंडमध्ये तेच तंत्र दाराला कुलूप म्हणून बसवले गेले. म्हणून आंध्रचा पुरावा केंद्रीकरणाच्या बाजूने नाही, तर सेवा लोकांच्या जवळ नेण्याच्या आणि पर्यायी मार्ग खुला ठेवण्याच्या बाजूने आहे.

या मताच्या जोडीने नेहमी येणारा दुसरा समज, म्हणजे शासन अवाढव्य झाले आहे हा, याहून अधिक निराधार आहे. २०१२ च्या सुमारास भारतात दर लाख लोकसंख्येमागे केंद्र आणि राज्ये मिळून सुमारे १,६०० सरकारी कर्मचारी होते, तर बाजारव्यवस्थेचा आदर्श मानल्या जाणाऱ्या अमेरिकेत ही संख्या सुमारे ७,७०० होती. अवाढव्य भासते ते मंत्रालय. तळाशी मात्र एका तलाठ्याच्या साझ्यात अनेक गावे असतात, एका गटविकास अधिकाऱ्यावर अनेक योजनांचे अहवाल एकाच वेळी भरण्याचा भार असतो, आणि आशा व अंगणवाडी सेविका ही आरोग्यव्यवस्थेची पायाभूत माणसे वेतनावर नव्हे तर मानधनावर राबवली जातात. गटविकास अधिकाऱ्यांच्या कामकाजावरील आदित्य दासगुप्ता आणि देवेश कपूर यांच्या अभ्यासाने हेच दाखवले की मनुष्यबळाच्या तुलनेत कामाचा बोजा जेथे अधिक, तेथे योजनांची अंमलबजावणी कमकुवत. तामिळनाडूतील एका प्रयोगात अंगणवाडीला केवळ एक अर्धवेळ सेविका जादा देण्यात आली. मुलांच्या शिकवणीचा वेळ दुप्पट झाला, गणित आणि भाषेतील प्रगती वाढली, आणि आधीच्या सेविकेला पोषणाकडे लक्ष द्यायला वेळ मिळाल्याने खुरटलेल्या मुलांचे प्रमाणही घटले. एका अर्धवेळ मानधनाने जे साधले ते कोणत्याही हजेरीच्या ॲपने साधल्याचे उदाहरण नाही.

माणसे वाढवली तरी ती कामावर येणार नाहीत, असा आक्षेप येथे घेतला जाईल. वर उल्लेखिलेल्या सहा देशांच्या पाहणीतील भारताचे आकडेच त्याला उत्तर देतात. शिक्षकांच्या गैरहजेरीचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे १५ टक्के, तर झारखंडमध्ये सुमारे ४२ टक्के आढळले. देश एक, नोकरीची शाश्वती जवळपास सारखीच, तरी फरक जवळजवळ तिप्पट. तेव्हा गैरहजेरी हा सरकारी नोकराचा जन्मजात गुण नसून आजूबाजूच्या व्यवस्थेचा परिणाम आहे. यंत्राने हजेरी लावून हा परिणाम पुसता येत नाही, हे राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात दिसले. तेथे परिचारिकांच्या उपस्थितीवर वेळ नोंदवणाऱ्या यंत्राने देखरेख सुरू झाली, पहिल्या काही महिन्यांत उपस्थिती लक्षणीय वाढली; पण सोळा महिन्यांत परिणाम संपूर्ण नाहीसा झाला, कारण आरोग्य प्रशासनानेच सवलतीचे दिवस मंजूर करून गैरहजेरीला अधिकृत रूप दिले. यंत्र बिघडले नव्हते. वरिष्ठांची इच्छाच नव्हती. जाब विचारण्याची गरज वरच्याला वाटत नसेल, तर खालच्याच्या बोटाचा ठसा घेऊन काय साधणार?

मग काय साधते, याचीही उत्तरे उपलब्ध आहेत आणि ती विकसनशील देशांतूनच आलेली आहेत. छत्तीसगडने २००४ पासून रास्त भाव दुकाने खासगी व्यापाऱ्यांकडून काढून ग्रामपंचायती, सहकारी संस्था आणि बचत गटांकडे सोपवली, दुकानदाराचे कमिशन वाढवून प्रामाणिक धंदा परवडेल असे केले, धान्य थेट दुकानापर्यंत सरकारी वाहनाने पोहोचवले, आणि शिधापत्रिका सरसकट वाढवल्या. २००४-०५ मध्ये तेथील सुमारे निम्मे धान्य वळवले जात होते. २००९-१० पर्यंत ते प्रमाण सुमारे दहा टक्क्यांवर आले. संगणक तेथेही होते, परंतु ते गोदामातून निघालेल्या ट्रकवर नजर ठेवण्यासाठी वापरले गेले, गरिबाच्या अंगठ्यावर नव्हे. इंडोनेशियात सवलतीच्या तांदळासाठी पात्र कुटुंबांना त्यांचा हक्क सांगणारे साधे कार्ड टपालाने पाठवले, तेव्हा त्यांना मिळणारे अनुदान २६ टक्क्यांनी वाढले, कारण गावच्या मुखियाशी घासाघीस करताना त्यांच्या हातात लेखी आधार आला. तेलंगणात शेतकऱ्यांना मिळणाऱ्या मदतीबाबत थेट त्यांनाच दूरध्वनी करून विचारले जाईल एवढे कृषी अधिकाऱ्यांना कळवताच धनादेशांचे वाटप सुधारले, आणि त्यासाठी आलेला खर्च अत्यल्प होता.

या उदाहरणांवरून केवळ लोकसहभागाची भलामण करणेही चुकीचे ठरेल. इंडोनेशियातील सहाशेहून अधिक गावांमधील रस्त्यांच्या कामांवर बेंजामिन ओल्कन यांनी केलेल्या अभ्यासात गावसभांना अधिक लोक बोलावल्याने फारसा फरक पडला नाही. प्रत्येक कामाचे सरकारी लेखापरीक्षण होणार हे निश्चित केल्यावर मात्र गहाळ होणारा खर्च आठ टक्के बिंदूंनी घटला. सिमेंटच्या थरात किती वाळू घातली हे गावकऱ्याला दिसत नाही, ते अभियंत्याला दिसते. घरात किती किलो तांदूळ आला हे मात्र अभियंत्याला दिसत नाही, ते घरातल्या बाईलाच ठाऊक असते. म्हणून बांधकाम आणि खरेदी यांवर वरून कडक लेखापरीक्षण, आणि व्यक्तीला मिळणाऱ्या सेवेबाबत त्या व्यक्तीचीच साक्ष, अशी विभागणी शहाणपणाची आहे. प्रचलित मत नेमके याच्या उलट वागते: मोठ्या कंत्राटांच्या बाबतीत विश्वास आणि विधवेच्या पाच किलोंच्या बाबतीत संशय.

साक्षीला वजन येते ते कायद्याने. १९७२-७३ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतून विस्तारलेल्या आणि १९७७ च्या कायद्याने बांधलेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचे मोठेपण यातच होते की तिने काम ही शासनाची कृपा न ठेवता मजुराची मागणी केली, काम न दिल्यास बेकारी भत्त्याचे बंधन घातले आणि शहरी नोकरदारांवरील व्यवसाय करातून तिचा खर्च उभा केला. तो भत्ता क्वचितच दिला गेला, आणि योजनेची धार बोथट झाली ती येथेच. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमातही सेवेची मुदत, अपिले आणि कसुरी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांचा दंड अशी तरतूद आहे. पण दंड अधिकाऱ्याच्या खिशातून जाणे आणि ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय अर्ज संगणकाने स्वीकारलाच नाही, ‘सर्व्हर डाउन’ म्हणून माणूस परत पाठवला, तर मुदत सुरूच होत नाही आणि कायदा लागूच पडत नाही. नकाराची पावती मिळत नाही तोवर हक्क अपुराच राहतो.

शेवटचा आक्षेप पैशाचा असतो: साधने मर्यादित असताना अपात्रांना वगळले नाही तर पात्रांना काय उरेल? या प्रश्नाचे उत्तर राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याच्या इतिहासात आहे. २०१३ च्या या कायद्याने ग्रामीण ७५ टक्के आणि शहरी ५० टक्के लोकसंख्येला हक्क दिला, पण संख्या २०११ च्या जनगणनेला बांधलेली राहिल्याने, लोकसंख्या वाढत गेली तसे दहा कोटींहून अधिक लोक त्या हक्काबाहेर राहिले, असा अंदाज जाँ द्रेझ आणि रितिका खेरा यांनी २०२० मध्ये मांडला. या लोकांना कोणत्याही दुकानदाराने लुबाडलेले नाही. त्यांना केंद्राच्या एका न बदललेल्या आकड्याने वगळले आहे. बनावट पत्रिका शोधण्यासाठी जेवढी शक्ती खर्च झाली, तिचा अंशही हे दहा कोटी मोजण्यासाठी खर्च झालेला नाही. हा साधनांच्या तुटवड्याचा प्रश्न नाही, कोणाचे नुकसान नुकसान मानायचे याचा आहे.

म्हणून सुशासनाच्या प्रत्येक दाव्याला यापुढे काही ठोस अटी लावल्या पाहिजेत. पडताळणी फसल्यास त्याच ठिकाणी, त्याच दिवशी सेवा देणारा पर्यायी मार्ग कायद्याने बंधनकारक असावा. प्रत्येक नकाराची तारीख आणि कारण असलेली लेखी पावती द्यावी आणि अशा नकारांची जिल्हावार संख्या दर महिन्याला प्रसिद्ध करावी. कोणतेही नाव वगळण्यापूर्वी त्या घरी जाऊन खातरजमा करण्याची जबाबदारी शासनाची असावी, निर्दोषत्व सिद्ध करण्याची लाभार्थ्याची नव्हे. विलंबाची भरपाई केंद्राच्या टप्प्यालाही लागू व्हावी, आणि तळाच्या रिक्त जागा भरून आशा व अंगणवाडी सेविकांना नियमित वेतन मिळावे. वाचलेल्या रुपयांचा आकडा जाहीर करणाऱ्या प्रत्येक शासनाने त्यासोबत परत पाठवलेल्या माणसांचा आकडाही जाहीर केला पाहिजे. दुसरा आकडा दिला नसेल तर पहिला खरा मानण्याचे बंधन नागरिकांवर नाही.